सहा नंबरचं रिकामं ताट

"तू काय काय केलंस?" सबनीस मॅडमनी आफरीनला विचारलं.

"मी ट्रे धरला, मॅडम."

"आणखी?"

आफरीननं छताकडे बघून आठवल्यासारखं केलं. "घट्ट धरला."

शेजारच्या खाटेवरच्या आजींनी पदर तोंडाला लावून खोकल्याच्या निमित्तानं हसून घेतलं. सबनीस मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी लाल पेनानं हातातल्या कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"गुरव सिस्टर, सलाईन तुम्ही लावलंत, ड्रेसिंग तुम्ही केलंत, पेशंटशी बोललात तुम्ही. काय बोललात, ते मला दोन हातांच्या अंतरावर उभं राहून ऐकू आलं नाही. तुम्हाला काम येतं हे जगजाहीर आहे. आज परीक्षा शिकवण्याची होती."

कागदावर लिहिलं होतं, 'शिकाऊ नर्सला काम करू दिले नाही. आवाज ऐकू येत नाही.' आणि त्याखाली, 'पुनर्परीक्षा तीन आठवड्यांनी. ही शेवटची संधी.'

अकरा वर्षं झाली या गोष्टीला. मिरजेतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी तेव्हा बायकांच्या सर्जरी वॉर्डात होते. वय अठ्ठेचाळीस, नोकरी पंचवीस वर्षांची. या वयात परीक्षा द्यायची हौस मला नव्हती. पण त्या वर्षी नवा नियम आला. प्रत्येक नव्या नर्सकडे एक वही असते. सुई टोचण्यापासून टाके काढण्यापर्यंत चाळीस कामं त्यात छापलेली असतात, आणि काम जमलं की जुनी नर्स त्यापुढे सही करते. नियम असा आला की ही सही यापुढे कुणाही जुन्या नर्सची चालणार नाही, प्रमाणपत्र मिळवलेल्या 'प्रिसेप्टर'चीच लागेल. प्रिसेप्टर म्हणजे नव्या पोरीला हाताशी धरून तयार करणारी. आमच्या वॉर्डातून मॅट्रननी माझं नाव पाठवलं. पुण्याच्या एका संस्थेचा सहा महिन्यांचा अभ्यास होता. लेखी पेपरात मला शंभरात ब्याण्णव मिळाले होते. राहिली होती ती फक्त ही प्रात्यक्षिक परीक्षा.

आणि माझ्या हाताखाली होती आफरीन मुजावर. बावीस वर्षांची, तोंडाची टकळी, चालणं म्हणजे अर्धं पळणं. तिच्या वहीत चाळीसच्या चाळीस जागा कोऱ्या होत्या, माझ्या सहीसाठी थांबलेल्या. मी नापास झाले तर तिचे सहा महिने पाण्यात जाणार होते, आणि जानेवारीत कायम होणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव येणार नव्हतं.

कागद घेऊन मी मॅट्रनकडे गेले. आवळे मॅट्रन आमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. केस पांढरे, आवाज घंटेसारखा.

"इंदू, तुझे हात बांधून ठेवू का मी?"

"ती जरा अडखळली की माझा हात आपोआप पुढे जातो हो, मॅट्रन."

"तुझी पोर चालायला शिकत होती तेव्हा पण अशीच उचलून घेत होतीस?"

"हो."

"मग?"

"दीड वर्षाची होईपर्यंत चालली नाही."

मॅट्रन इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाल्या, "हे बघ, मी माझ्या प्रभूला तुझ्यासाठी सांगते, तू तुझ्या महादेवाला सांग. पण त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांग, बाई. तुझा नवस तुझ्या ओठांबाहेर तरी येतो का?"

आवाजाचं म्हणाल तर तो माझा मुळातच बारीक. आम्ही गुरव. घरामागेच महादेवाचं देऊळ. लहानपणापासून गाभाऱ्यात वावरलेली माणसं मोठ्यानं बोलत नाहीत, तिथे कुजबुजसुद्धा घुमते. पहाटे अंघोळ, पिंडीवर अकरा बेलाची पानं, पोथीचा एक अध्याय, मग सातची ड्यूटी, हा माझा रोजचा नेम. दर संकष्टीला उपवास. आणि एक नेम आईनं जाताना दिलेला, जेवताना मौन. पहिला घास तोंडात गेला की हात धुवेपर्यंत शब्द काढायचा नाही. काढला तर पान मोडलं. मग उठायचं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत अन्न घ्यायचं नाही. बारा वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं.

जेवायच्या खोलीत माझी जागा ठरलेली होती, कोपऱ्यातली, भिंतीकडे तोंड करून. म्हणजे कुणी बोलायला येणार नाही. पण झालं उलटंच. मी उत्तर देणार नाही हे ठाऊक झाल्यावर जिला तिला माझ्याजवळच मन मोकळं करावंसं वाटायला लागलं. कुणाची सासू, कुणाचा रुसलेला नवरा, कुणी मॅट्रनच्या नावानं बोटं मोडली, सगळं माझ्या डब्याशेजारी ओतलं जायचं. पोटातलं बाहेर जायची भीती नाही आणि वर उपदेश नाही. देवळातल्या देवालासुद्धा एवढी गिऱ्हाईकं नसतील.

नापास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आफरीन डबा घेऊन माझ्या शेजारी बसली.

"सिस्टर, माझ्यामुळं तुमचं गेलं. मी घट्ट धरला असं बोलायलाच नको होतं."

मी मान हलवली. तोंडात भाकरी होती.

"बरं, ते राहू दे. तीन नंबरच्या बाईंचं ड्रेसिंग सारखं ओलं का होतंय ओ? मी सकाळी चांगलं बांधलं होतं. सैल झालं असंल? नाही, सैल झालं असतं तर घसरलं असतं. मग काय..." तिनं चपातीचा तुकडा हवेतच धरला. "थांबा. ती बाई डाव्या कुशीवर झोपती. जखमेतली नळी पण डावीकडंच! अंगाखाली नळी दबत असणार. नळी दबली की पाणी बाजूनं पाझरणार. बरोबर ना?"

मी तिच्याकडे नुसती बघत होते.

"बरोबर!" असं स्वतःच म्हणून ती अर्धा डबा टाकून पळाली. खरंच नळी दबली होती.

मी भाकरी संपवली, हात धुतले, आणि नळ बंद करायचं विसरून तशीच उभी राहिले. मी बोलायला मोकळी असते तर तिच्या पहिल्याच वाक्याला 'नळी बघ' म्हणून टाकलं असतं. आणि ती हो म्हणून गेली असती. ट्रे घट्ट धरून.

त्या दिवसापासून मी एक युक्ती केली. आफरीनबरोबर खाटेजवळ गेले की मनातल्या मनात ताटाभोवती पाणी फिरवायचं, हात पाठीमागे बांधायचे, आणि समजायचं की आपण पानावर बसलोय.

पहिले दोन दिवस बिचारीला घाम फुटला. "सिस्टर, रागावलाय का माझ्यावर?" पेशंट बायका कुजबुजायला लागल्या, बाईंचं घरी काहीतरी बिनसलंय म्हणून. सलाईनची शीर तिला सापडेना तेव्हा माझ्या पाठीमागे माझे हात एकमेकांशी कुस्ती खेळत होते. पण तिनं हात खाली घेतला, शेकायची पिशवी मागवली, दंड शेकला, आणि दुसऱ्या प्रयत्नात शीर धरली. मग माझ्याकडे अशी बघून हसली की जणू शीर तिनंच जन्माला घातली होती.

दोन आठवड्यांत पोर तयार झाली. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात बारीकसा गर्व शिरला. मौन मला पावलं, असं वाटायला लागलं.

पुनर्परीक्षेचा दिवस उजाडला तो संकष्टीचा. मला तो शुभशकुनच वाटला. सबनीस मॅडम आठ वाजता हजर, तेच लाल पेन. त्या दिवशी आफरीनकडे पाच पेशंट होते. त्यातल्या सहा नंबरच्या खाटेवर हौसाबाई मगदूम, साठीच्या, कवठ्याकडच्या. साखरेच्या आजारानं पायाचा अंगठा काढावा लागला होता. आफरीननं त्यांचं ड्रेसिंग सुरू केलं. मी हात मागे बांधून उभी. मॅडम माझ्या मागे उभ्या.

हौसाबाईंनी मला डोळ्यांनी जवळ बोलावलं. मी वाकले.

"बाई," त्या माझ्या कानात म्हणाल्या, "आज चंद्र कवा उगवतुया ओ? तवर निस्तं पानीच."

मी त्यांना नऊ बोटं दाखवली, मग दहावं अर्धं दुमडून दाखवलं. साडेनऊ. त्यांनी समाधानानं हात जोडले. उपवासाची बाई उपवासाच्या बाईला बरोबर ओळखते. मला बरं वाटलं, आणि तोंडातून शब्दही न काढता उत्तर दिलं म्हणून जास्तच बरं वाटलं. आफरीननं माझी बोटं बघितली, पण ती तिच्या पट्टीत गुंतलेली होती.

अकराच्या राउंडला डॉक्टरांनी हौसाबाईंचे रिपोर्ट बघून दुपारपासून इन्सुलिन लिहिलं. जेवणावर दहा युनिट. मी तो कागद वाचला आणि फाइलला लावला.

साडेबाराला सबनीस मॅडमनी मला बाजूला घेतलं. "हात मागे ठेवलेत. मुलीला काम करू दिलंत. छान. पण एक रकाना कोराच आहे." त्यांनी पेन टेकवून दाखवलं, 'धोका दिसताच स्पष्ट व ऐकू जाईल अशा शब्दांत थांबवले.' "सकाळपासून मी तुमचा एक शब्द ऐकलेला नाही. मी तीनपर्यंत आहे. हा रकाना कोरा राहिला तर मला सही करता येणार नाही."

"धोका आलाच नाही तर?" मी विचारलं.

"काय म्हणालात?"

"धोका आलाच नाही तर?"

"हे बघा, हेच. अजून मोठ्यानं."

"धोका आलाच..."

"असू द्या," मॅडम म्हणाल्या. "जेवून या."

मी माझ्या कोपऱ्यात जाऊन बसले. गणपतीचं नाव घेतलं, डबा उघडला, साबुदाण्याची खिचडी. पहिला घास घेतला आणि सबनीस मॅडम आपला डबा घेऊन नेमक्या माझ्या समोरच्या खुर्चीवर, भिंतीला पाठ लावून येऊन बसल्या.

"तुमच्या घरी कोण कोण असतं, सिस्टर?"

मी दोन बोटं वर केली.

"दोघं?"

मी मान हलवली.

"बरं वाटत नाहीये का?"

मी नाही म्हणून मान हलवली, मग हो म्हणून हलवली, कारण मला बरंच वाटत होतं. मॅडम खुर्ची जरा मागे सरकवून माझ्याकडे बघू लागल्या. नशिबानं आफरीन पाणी भरायला आत आली होती.

"मॅडम, त्यांचं मौन असतं जेवताना. बोलल्या की उठायचं, मग उद्यापर्यंत पोटात काय नाही. बारा वर्षं झाली, कुणी बोलायला लावू शकलं नाही. आमच्या त्या कॅन्टीनवाल्या मामांनी पैज लावली होती, ते पण हरले."

"बारा?" मॅडमनी मला विचारलं. मी आधी दहा बोटं दाखवली, मग दोन. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या ओठाचा कोपरा हलला.

आफरीन गेली. पाचेक मिनिटांनी दारातून तिचा आवाज आला. माझी दाराकडे पाठ होती.

"सिस्टर, जेवा तुम्ही, उठू नका. नुसतं सांगायला आले. सहा नंबरची साखर जेवणाआधी दोनशे दहा होती. दहा युनिट भरलंय, डोस सुनीता सिस्टरकडून तपासून घेतलाय. ताट पण बघितलं, एकदम चाटून पुसून रिकामं. देऊन येते हं."

सगळं नियमानं होतं. आमच्या वॉर्डाचा रिवाजच होता, ताट रिकामं दिसलं की मगच सुई. मी खूश होऊन पुढचा घास उचलला.

माझ्या बोटांत साबुदाणा होता. मी त्या घासाकडे बघितलं. साबुदाणा. संकष्टी. नऊ बोटं.

साडेनऊच्या आत पाण्याशिवाय काही न घेणारी बाई. मग ते ताट कुणी पुसलं?

मागे वळून बघितलं तर दारात कुणी नव्हतं. तिची पावलं वॉर्डाच्या दिशेला वाजत होती, ती तिची अर्धी पळती पावलं.

"थांब! आफरीन, थांब! ती सुई खाली ठेव!"

तो आवाज कुठून आला हे मलाही कळलं नाही. घास मॅडमच्या साडीवर उडाला. त्यांच्या डब्याचं झाकण फरशीवर गोल गोल फिरत बसलं. मी उष्ट्या हातानं वॉर्डात पोचले तेव्हा आफरीन सहा नंबरशेजारी दगड होऊन उभी होती, आणि तिनं सुई ट्रेमध्ये ठेवलेली होती. खालच्या मजल्यावरून आवळे मॅट्रन धापा टाकत जिन्यानं वर आल्या. "आग कुठं लागलीय?"

"मावशी, तुम्ही जेवलात?" मी हौसाबाईंना विचारलं.

त्यांनी सुनेकडे बघितलं. सून खिडकीशी उभी राहून पदरानं तोंड पुसत होती.

"ताट मी खाल्लं, सिस्टर," सून म्हणाली. "आत्याबाईंची संकष्टी हाय. ताट तसंच परत धाडलं तर तुमी रागावता. आनी टाकायचं तर अन्नाचा अपमान. मग म्या..."

"मी विचारलं होतं की तुम्हाला, जेवण झालं का म्हणून!" आफरीन सुनेला कळवळून म्हणाली.

"तू इचारलंस, 'झालं का जेवण?' मी म्हनलं, झालं. माजं झालं हुतं की!"

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पोटात काही नसताना ते इन्सुलिन गेलं असतं तर साखर धाडकन उतरली असती. आधी त्यांना खायला घाला, मग आपण बघू. मॅट्रननी स्वयंपाकघरातून दुसरं ताट मागवलं. ताट आलं. हौसाबाईंनी तोंड फिरवलं.

"चंद्र बघितल्याबिगर मी घास घ्यायची न्हाई. एकवीस वर्सं झाली."

मॅट्रननी समजावलं, सुनेनं हातापाया पडून सांगितलं, आफरीननं डॉक्टरांचा धाक घातला. बाई ढिम्म. मग त्यांनी माझा हात धरला. "बाई, मगाशी वरडलं ती कोन?"

"मीच."

"तुमी? तुमाला आवाज हाय व्हय?"

सगळा वॉर्ड हसला. मी त्यांच्या खाटेच्या कडेला टेकले.

"मावशी, माझं पण एक व्रत होतं. जेवताना बोलायचं नाही. बारा वर्षं पाळलं. आज मोडलं."

"अगं माज्या देवा! कुनापायी?"

"तुमच्यापायी."

त्यांनी माझ्या खिचडी लागलेल्या बोटांकडे बघितलं.

"मग आता वो?"

"आता मी उद्यापर्यंत उपाशी. पण तुम्ही जेवला नाहीत तर माझं मोडलेलं फुकट जाईल."

हौसाबाई विचारात पडल्या. मग हळूच, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "तुमचं मोडलंय, आनी माजं बी मोडलं, तर त्यो रागवंल का ओ दोघींवर?"

"रागवेल कशाला? अपराध पोटात घालायलाच तर त्याचं पोट एवढं मोठं आहे."

हौसाबाईंच्या तोंडावर हसू आलं. त्यांनी ताट पुढे ओढलं, भाकरी मोडली, पहिला तुकडा कपाळाला लावला आणि खाल्ला. मी शेवटच्या घासापर्यंत तिथून हलले नाही. आफरीननं पुन्हा साखर तपासली, डॉक्टरांना सांगितली, आणि त्यांनी सांगितलेला नवा डोस माझ्या देखत दिला. मी हात मागे बांधले होते.

तीन वाजता मॅट्रनच्या खोलीत सबनीस मॅडम कागद पुढे घेऊन बसल्या होत्या. साडीवरचा डाग धुऊन ओला झाला होता.

"तुमचा रकाना भरला, गुरव सिस्टर," त्या म्हणाल्या. "आता खाली घटना लिहायची आहे." त्या एकेक शब्द बोलत लिहायला लागल्या. "शिकाऊ नर्सने रिकामे ताट पाहिले. रुग्ण स्वतः जेवली का, याची खात्री केली नाही. प्रिसेप्टरने वेळीच थांबवले. बरोबर ना, मुजावर?"

"हो, मॅडम," आफरीन म्हणाली. तिची मान खाली होती. हातात ती वही होती, छातीशी धरलेली. त्या शेऱ्यानं तिच्या वहीत लाल रेघ पडणार होती, आणि लाल रेघेचं नाव जानेवारीच्या यादीत येत नसे.

मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यात माझा हात धरणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं. गप्प बसले की मी पास होते.

"मॅडम, तुम्ही अर्धीच गोष्ट लिहिताय," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. या वेळी त्यांनी 'काय म्हणालात' असं विचारलं नाही.

"सकाळी ड्रेसिंगच्या वेळी हौसाबाईंनी मला चंद्र कधी उगवतो ते विचारलं होतं. तुम्ही माझ्या मागेच होतात. मी बोटांनी सांगितलं. म्हणजे त्यांचा उपवास आहे हे मला आठ वाजता माहीत होतं. अकराला इन्सुलिनचा कागद मी स्वतः फाइलला लावला. आफरीनला मी एक अक्षर बोलले नाही. तिला संकष्टी कुठून कळणार? मला कळायला हवं होतं, माझ्याच डब्यात खिचडी होती. गप्प राहण्याच्या नादात जे सांगायलाच हवं, तेच मी सांगितलं नाही. तिनं ताट बघून फसगत करून घेतली, हे खरं. पण तिच्याआधीची चूक माझी. ती वर लिहा."

आफरीन तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होती. मॅट्रन खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांचा कान माझ्याकडे होता.

"हे लिहिलं तर तुमची परीक्षा धोक्यात येते, हे कळतंय ना तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"हो."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. परत काढलं. मग लिहायला लागल्या. खूप वेळ लिहिलं. माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि ते त्या शांततेत सगळ्यांना ऐकू येत असणार, याची मला लाज वाटत होती.

"एक अट आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "आत्ता जे सांगितलंत ते तुमच्या हातानं लिहून काढायचं, आणि शनिवारच्या सभेत सगळ्या नर्सेसपुढे उभं राहून वाचायचं. शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे. ऐकू गेलं असं मॅट्रननी मला कळवलं, की मग माझी सही."

शनिवारी सत्तर जणी होत्या. माईक मुद्दाम काढून ठेवला होता, आवळे मॅट्रनचं काम. मी महादेवाचं नाव घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य माझं मलाच ऐकू आलं नाही. शेवटच्या रांगेतून आफरीन खुर्चीवर उभी राहून ओरडली, "सिस्टर, 'सुई खाली ठेव' म्हणालात ना, तेवढ्या मोठ्यानं!"

सभागृह खदाखदा हसलं. मीही हसले. आणि मग वाचलं. बोटांची गोष्ट, साबुदाण्याची गोष्ट, सगळं. हसणं कुठल्या ओळीला थांबलं ते मला कळलं नाही, पण मी बसले तेव्हा कुणीच हसत नव्हतं. सुनीता सिस्टर उठून म्हणाली, "गेल्या महिन्यात माझ्याकडून पण एक झालंय. मी सांगितलं नव्हतं." तिच्यानंतर आणखी एकजण उठली.

प्रमाणपत्र टपालानं आलं. त्याबरोबर त्या कागदाची नक्कल होती. 'धोका दिसताच थांबवले' या रकान्यात लाल शाईनं लिहिलं होतं, 'होय. उशिरा, पण तिन्ही मजल्यांना ऐकू गेले.' त्याच दुपारी मी आफरीनच्या वहीवर चाळीस सह्या केल्या; लाल रेघ तिच्यात कुठेच नव्हती. हात दुखला तर ती म्हणाली, "पेन मी धरू का, घट्ट?"

मौन मोडलं त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून मी ते परत सुरू केलं होतं, पहिल्यापासून. आईला मनातल्या मनात सांगितलं, ती रागावली असेल असं वाटत नाही. फक्त एक बदल केला. खुर्ची फिरवून घेतली. भिंतीकडे पाठ आणि दाराकडे तोंड.

आता मी निवृत्त होऊन वर्ष झालं. घरीसुद्धा दाराकडे तोंड करूनच जेवते. हे म्हणतात, कोण येणार आहे एवढं? आफरीन कोल्हापूरच्या एका हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळते, ती स्वतः प्रिसेप्टर आहे, हाताखाली दोन पोरी आहेत. तिच्या वॉर्डात सकाळच्या कागदावर तिनं एक ओळ हातानं आखून घेतलीय, 'आज उपवास? कुणाचा, कशाचा?' त्यात रोजे पण येतात, चतुर्थ्या पण येतात.

दर संकष्टीला दुपारी मी डबा उघडून पहिला घास घेतला की तिचा फोन येतो. वेळ तिला पाठ आहे. मी फोन कानाला लावते.

"सिस्टर, सलाम. आज चंद्र नऊ वाजून सात मिनिटांनी. माझ्याकडं चार बाया उपवासाच्या, चौघींच्या सुया थांबवल्यात. पण ती आठ नंबरची म्हणती उपवास नाही, आणि ताट शिवलेलं नाही. लाजत असंल? की मळमळतंय तिला? नाही, मळमळलं असतं तर चहा पण नसता घेतला. थांबा... कालपासून तिची सून आलेली नाही. एकटीनं जेवत नसणार ती. मी जाऊन बसते तिच्याजवळ. बरोबर ना?"

मी फोनवर बोटानं दोनदा टकटक करते.

"बरोबर!" असं म्हणून ती फोन ठेवते, आणि ठेवता ठेवता तिची ती अर्धी पळती पावलं मला ऐकू येतात.